भाऊंना हिशेब विचारला तर मी कृतघ्न ठरते का?

पत्र

नमस्कार. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एका सामाजिक संस्थेत ११ वर्षं ७ महिने काम करते आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं गावातच राहावीत, त्यांची शाळा सुटू नये, हे माझं काम. वय ४०, घरी कोरडवाहू शेती, दोन मुलं शिकताहेत. महिना १४,५०० रुपये मानधन. गेल्या महिन्यात ३२ पैकी आम्हा १४ जणींना बोलावलं आणि सांगितलं की कंपनीचा निधी संपला, आता थांबावं लागेल. 'मी स्वेच्छेने काम सोडत आहे' असा छापील कागद पुढे केला. मी 'विचार करते' म्हणून परत आले. पुढे ऑडिटची फाइल झेरॉक्सला नेताना दिसलं की याच वर्षी आमच्या संचालकांचं मानधन महिना १ लाख १० हजारांवरून १ लाख ७५ हजार झालंय. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा रात्री दोन वाजता त्यांनीच गाडी काढली होती. आता विचारलं तर मी कृतघ्न, नाही विचारलं तर झोप लागत नाही. गावातल्या बाया म्हणतात, आम्ही कंपनीला पत्र लिहितो. त्यांना थांबवू का?
(नाव छापू नये.)

उत्तर

ताई,

आधी तो कागद. त्यावर सही केली नाहीत हे फार शहाणपणाचं झालं, आणि पुढेही करू नका. निधी संपला म्हणून संस्था तुम्हाला कमी करते आहे, तर तसं तिने लेटरहेडवर, तारीख आणि जावक क्रमांक टाकून लिहून द्यावं. 'स्वेच्छेने' हा शब्द तुमचा नाही. उद्या कुठे दाद मागायची वेळ आली तर तुमच्याच सहीचा कागद तुमच्यासमोर धरतील. 'विचार करते' असं तोंडी सांगून आलात, ते आता लेखी कळवा: मी राजीनामा देत नाही, कामावरून कमी करत असाल तर तसं पत्र द्यावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

दुसरी गोष्ट. तुमच्या पत्रात पैशाचा विषय आहे तो सगळा भाऊंच्या पैशाचा. स्वतःच्या मानधनाचा आकडा सोडला, तर आपलं संस्थेकडून काय येणं आहे याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही. मला ते वाचून वाईट वाटलं, म्हणून आधी तुमचाच हिशेब मांडते.

दहा किंवा त्याहून जास्त माणसं जिथे काम करतात आणि जिथे एखाद्याची सलग पाच वर्षं भरलेली असतात, तिथे त्याला नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते, म्हणजे केलेल्या वर्षांच्या हिशेबाने एकरकमी पैसे. संस्था धर्मादाय आहे म्हणून यातून सुटका नाही. तुमची ११ वर्षं ७ महिने झाली. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे १२ वर्षं. १४,५०० ला १५ ने गुणा, २६ ने भागा, मग १२ ने गुणा. १ लाख ३८४ रुपये होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर व्याजासह. दर मार्चअखेर करार संपवून एप्रिलात नवा करायची पद्धत तुमच्याकडे असेल, बऱ्याच संस्थांत असते. तेवढ्यावरून 'सलग नोकरी नव्हती' असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. अशा कागदोपत्री खंडांकडे न्यायालयं संशयानेच पाहत आली आहेत. जुनी नेमणूकपत्रं, हजेरीपट, दौऱ्याच्या डायऱ्या, बँकेचं पासबुक, सगळं एका पिशवीत घालून घरी ठेवा.

मग भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. ३२ माणसं आहेत, म्हणजे कायद्यातली वीस माणसांची मर्यादा कधीच ओलांडली, आणि तुमच्याएवढं वेतन असलेल्या माणसाला त्यातून वगळता येत नाही. सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून पाहा. खातंच नसेल तर तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. तो एकटीने न नेता चौदा जणींनी मिळून पीएफ कार्यालयात न्यावा.

नोकरी जाण्याची म्हणून जी वेगळी भरपाई असते, तिच्याबद्दल मात्र तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात 'उद्योग' या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की धर्मादाय संस्थांतल्या माणसांनाही कामगार कायद्याची सावली मिळू शकली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने मुख्यतः धर्मादाय किंवा सामाजिक सेवा करणाऱ्या संस्थांच्या कामाला 'उद्योगा'तून बाहेर काढलं आहे. त्यामुळे या वाटेवर पाऊल टाकण्याआधी जिल्ह्यात कामगार कायदा जाणणारा वकील गाठा. ग्रॅच्युइटी, पीएफ आणि थकलेला पगार यांचं तसं नाही. ते तुमचेच आहेत.

पगार म्हणाले, कारण तो पगारच आहे. आपल्या संस्थांमध्ये 'मानधन' हा शब्द फार सोयीने वापरला जातो. रविवारी शिबिराला यायचं असेल, पावसात तांड्यावर मुक्काम करायचा असेल, तेव्हा आपण 'कार्यकर्त्या' असतो. रजा, पीएफ, बाळंतपणाची सुट्टी मागितली की 'ताई, हे मानधन आहे, नोकरी थोडीच आहे' असं ऐकवतात. आणि निधी संपला की एका दुपारी यादी निघते आणि हातात नारळ पडतो. यादी नोकरांचीच निघते हो, कार्यकर्त्यांची कशी निघेल? कागदावर काय नाव दिलंय याला कायद्यात फार किंमत नाही. वेळ कोण ठरवत होतं, काम कोण सांगत होतं, दर महिन्याला पैसे कोण देत होतं, हे पाहतात.

आता भाऊ. इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण ती लपवून तुम्हाला सल्ला देणं बरोबर होणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-धाराशिवकडे मदत घेऊन जी तरुण मंडळी गेली, त्यांत मी होते. मराठवाड्यातल्या कितीतरी संस्था त्या काळात उभ्या राहिल्या किंवा वाढल्या. आमच्यापैकी काही जण तिथेच रुजले. खूप वर्षांनी अशाच एका संस्थेने मला विश्वस्त मंडळावर घेतलं. वर्षातून दोन बैठका. एका बैठकीत सगळे विषय संपले, भजी आली, चहा आला, आणि मग 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' सुरू झाले. त्यात संचालकांची पगारवाढ होती. ते स्वतः समोरच बसलेले. कोणी काही बोललं नाही. मी एका हातात बशी धरून दुसऱ्या हाताने इतिवृत्ताच्या वहीत सही केली. अजून त्या पानावरचा तेलाचा डाग मला आठवतो. आठवड्याभराने बसस्टँडवर एक बालवाडीच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, आम्हा तिघींना कमी केलं, तुम्हाला माहीतच असेल. मला माहीत नव्हतं. सही माझी होती आणि मला माहीत नव्हतं. त्या बाईंनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत समोर का आल्या नाहीत, हे मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. नंतर विचारलं, तेव्हा उशीर झाला होता.

म्हणून भाऊंच्या पगाराबद्दल मी रागाने नाही, पण नीट बोलणार आहे.

संचालकाने चांगला पगार घेऊ नये असं मला वाटत नाही. कंपनीच्या सीएसआर (समाजकामावरच्या खर्चाच्या) विभागाला इंग्रजीत प्रस्ताव द्यायचा, दर तिमाहीला अहवाल पाठवायचा, आयकराची नोंदणी टिकवायची, परदेशी निधीचं खातं दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत चालवायचं, हे करणाऱ्या माणसाला पुण्यात कितीतरी जास्त पैसे मिळतील. 'सेवा आहे, फुकट करा' म्हणायला लागलो तर संस्था फक्त घरचं बरं असलेल्यांच्याच हातात राहतील, आणि ते मराठवाड्याला परवडणारं नाही.

निधी आटला हेही खोटं नसेल. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायची वाट बंद झाली, आणि मोठ्या संस्थांच्या हाताखाली खेड्यात काम करणाऱ्या छोट्या संस्था उघड्या पडल्या. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने आपली परदेशी मदत रोखली, त्याचाही धक्का बसला. उरला सीएसआरचा पैसा. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्चायची असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो, पण तोच कायदा कंपनी जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यायलाही सांगतो. कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज-शेंद्र्याला. धारूर-वडवणीच्या डोंगरात कोण येणार? आला तरी वर्ष-दोन वर्षं, फार तर तीन.

हे सगळं मान्य करूनही गणित करू या. भाऊंची वाढ महिना ६५,००० ची. तुम्हा चौदा जणींना साधारण सारखंच मिळतं असं धरलं तर तुमचा एकूण खर्च महिना २ लाख ३ हजार. ती वाढ झाली नसती तर चार जणी राहिल्या असत्या. भाऊंनी एक रुपयाही घेतला नसता तरी बारा जणी राहिल्या असत्या, चौदा नाही. तेव्हा 'भाऊंच्या पगारामुळे आमची नोकरी गेली' हे वाक्य पूर्ण खरं नाही, आणि रागाच्या भरात ते गावभर गेलं तर तेवढ्या एका चुकीवर तुमचं बाकीचं खरं म्हणणं बाजूला सारतील. पण चार जणी राहिल्या असत्या, हेही खरं आहे. भाऊ आधी तुमच्या सात-आठ पट घेत होते, आता बारा पट घेतात, हेही खरं आहे. आणि ज्या वर्षी ताटं कमी करायची वेळ आली त्याच वर्षी आपलं ताट वाढवून घेतलं, आणि ते सांगितलंही नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. निधी आटला तर आधी वरच्यांनी पोटाला चिमटा घ्यायचा असतो. सगळ्यांना समोर बसवून वह्या उघड्या करायच्या, आणि मग कोणाला थांबावं लागेल ते बोलायचं. असं करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. तिथेही माणसं गेली, पण शिव्या देत गेली नाहीत.

एक शक्यता मात्र मनात ठेवा. संस्थेत पैशाचे डबे वेगवेगळे असतात. तुमचा प्रकल्प एका कंपनीचा, भाऊंचा पगार कदाचित दुसऱ्याच निधीतून, आणि एका डब्यातलं दुसऱ्यात ओतायला देणाऱ्याची परवानगी लागते. तसं असेल तर भाऊंकडे उत्तर आहे. ते त्यांना देऊ द्या. त्यासाठी आधी विचारावं लागेल.

कसं विचारायचं? दोनदा. पहिल्यांदा भाऊंना, समोरासमोर, एकटीने. त्या रात्री त्यांनी गाडी काढली ते ऋण खरं आहे, आणि त्या ऋणातूनच हे येतं की त्यांच्या पाठीमागे जायच्या आधी तुम्ही त्यांच्या तोंडावर विचारावं. मला वाटतं 'भाऊ, मला फाइलमध्ये आकडा दिसला, तेव्हापासून मला झोप नाही' एवढं वाक्य पुरे. पुढचं त्यांना बोलू द्या. 'संस्था म्हणजे घर, घरात हिशेब विचारतात का?' असं म्हणाले तर सांगा की घरातून माणसं यादी लावून कमी करत नाहीत.

दुसऱ्यांदा विश्वस्त मंडळाला, लेखी, चौदा जणींच्या सह्यांनी. आरोप एकही नको, फक्त प्रश्न: 'संचालकांच्या मानधनवाढीचा ठराव कोणत्या तारखेच्या बैठकीत झाला आणि त्या वेळी संचालक स्वतः बैठकीत होते का? ही वाढ कोणत्या निधीतून दिली जाते? १४ जणींना कमी करण्यापूर्वी इतर कोणता खर्च कमी करून पाहिला? आमची ग्रॅच्युइटी, पीएफ आणि थकबाकी कोणत्या तारखेला मिळेल?' एवढंच. विश्वस्तांमध्ये माझ्यासारखी कोणी असेल, बशी हातात धरून सही केलेली. तिला हे पत्र उपयोगी पडेल.

त्या फाइलचे फोटो काढले असतील तर कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. तोच आकडा सरळ वाटेनेही मिळतो. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्याप्रमाणे दरवर्षीचे तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज करून, शुल्क भरून त्याची नक्कल मागा. अडवलं तर तिथेच माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाका. 'शेड्युल नऊ' म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. त्यात विश्वस्तांना दिलेल्या मोबदल्याची वेगळी ओळ असते. भाऊ विश्वस्तही असतील तर आकडा तिथे दिसायला हवा. ते फक्त नोकरीवरचे संचालक असतील तर तो 'आस्थापना खर्चा'च्या ढिगात बुडालेला असेल, तेव्हा नुसतं पत्रक पाहून काही कळणार नाही. आयकराच्या बाजूनेही बंधन आहे: संस्थापक, विश्वस्त, व्यवस्थापक किंवा त्यांच्या नातेवाइकांना कामाच्या मानाने वाजवीपेक्षा जास्त मोबदला दिला तर संस्थेची करसवलत अडचणीत येते. अमेरिकेत धर्मादाय संस्थांना ९९० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात प्रमुखांचा पगार कोणालाही पाहता येतो. आपल्याकडे तो शोधावा लागतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. लोकांच्या नावाने आणलेल्या पैशातला सगळ्यात मोठा पगार लोकांपासून लपलेला का असावा?

कृतघ्न म्हणता. ताई, दर दिवाळीनंतर ट्रॅक्टरला झोपड्यांच्या चटया बांधून बाया निघतात तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगत आलात? मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली ते लिहून घे, टनाची पावती माग, शेवटच्या हिशेबाला एकट्या कारभाऱ्याला पाठवू नको, तू स्वतः जा, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, त्यातला अर्धा कोयता तुझा आहे. अकरा वर्षं सांगितलंत. त्यातल्या कितीजणींचा मुकादम त्यांच्याच भावकीतला असतो, अडीनडीला धावून येणाराही असतो. तरी तुम्ही त्यांना पावती मागायला लावलंत. तेव्हा ते बरोबर होतं.

लेकरांचं मात्र आत्ताच पाहा. कोणत्या गावात किती लेकरं मागे राहतात, कोणाची आजी थकली आहे, हंगामी वसतिगृहाच्या यादीत कोणाचं नाव घालायचं राहिलंय, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. ते एका वहीत उतरवा आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना व शाळा व्यवस्थापन समितीला एकेक प्रत द्या. संस्थेसाठी नको, लेकरांसाठी. आणि गावोगाव स्वतः जाऊन सांगा की माझं काम थांबतंय. 'ताई, पुढल्या दिवाळीला तुमीच येताल ना?' असं विचारणाऱ्या बाईला उत्तर तुमच्याच तोंडून मिळू द्या.

राहिलं बायांचं पत्र. त्यांना थांबवू नका. ज्या कंपनीने त्यांच्या लेकरांच्या नावाने पैसा दिला, तिला काम का थांबलं हे विचारायचा हक्क तुमच्यापेक्षा त्यांचा जास्त आहे. पण ते पत्र तुम्ही लिहून देऊ नका, मजकूर सांगू नका, भाऊंच्या पगाराचा आकडा त्यांच्या तोंडी घालू नका. त्यांना जे माहीत आहे तेवढंच लिहू दे: किती लेकरं होती, किती शाळेत टिकली, आता कोण बघणार. दहावी झालेली एखादी सून लिहील. चुका होतील, काना-मात्रा राहतील, राहू देत. त्या पत्रात तुमचं अक्षर कुठेही असता कामा नये.